सगळी वळणं डावीकडे

२ एप्रिल

ती. अप्पांस,

बारकीचा साष्टांग नमस्कार. दोन्ही पोरांनीही तुमच्या पायांना हात लावले आहेत असं समजा. चिंगीचा हात शाईने भरलेला आहे, तेव्हा पाय जरा मागे घ्या.

पत्रास कारण की, १४ मेला सकाळच्या गाडीने आम्ही तिघं येतोय. दहा दिवस राहू. ह्यांना रजा नाही, त्यामुळे तुमच्या जावयाच्या बडदास्तीतून तुम्ही आणि ताई सुटलात. पण पोरांना दहा दिवस घरात कोंडलं तर ती ताईने शिवलेल्या पडद्यांना लोंबकळतील. तेव्हा शहरापासून सकाळी गाडीने निघून संध्याकाळी परत येता येईल अशा चार सहली आखून द्या. आमच्या लहानपणी दर रविवारी आखायचात तशा. नकाशा काढून, कुठे वळायचं, कुठे थांबायचं, किती मिनिटं थांबायचं, सगळं. मी शाळेत भूगोल शिकवते ते त्या कागदांच्या जोरावर, हे मी मुख्याध्यापकांनाही सांगून टाकलंय.

फोनवर सांगू नका, कागदावरच पाठवा. थोरल्याला नकाशा भिंतीला लावायचाय. आजोबांनी हजारो माणसांना गाडी शिकवली आणि आता ते मला फिरवणार, असं तो वर्गात सांगत सुटलाय. नऊ वर्षांचा झाला, तरी अजून तुमच्या गाडीत बसलेला त्याला आठवत नाही.

ताईला सांगा, तिच्यासाठी नवी कात्री आणतेय. उत्तराची वाट बघते. तुमची माया आहेच, फक्त अक्षर थोडं मोठं काढा. मागचं पत्र वाचायला मला भिंग लागलं.

तुमची
बारकी

६ एप्रिल

चि. बारकीस,

अप्पांचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. माझ्या अक्षराला नावं ठेवण्याआधी स्वतःचे काने तपासून बघ.

सोबत चार नकाशे आहेत. पहिल्या दिवशी धरण, मग एक दिवस विश्रांती, मग दीपगृह. त्यानंतर पाखरांचा तलाव, आणि शेवटी डोंगरावरच्या गुहा. गुहांना शेवटी ठेवलं कारण घाटाचा रस्ता आहे आणि तोवर पोरांना गाडीची सवय होईल. प्रत्येक दिवशी सहा वाजता निघायचं. सहा म्हणजे सहा. सहा वाजता बूट शोधायला सुरुवात करणाऱ्या माणसाला मी घरी ठेवून जातो, हे तुला ठाऊक आहे. तू दोनदा राहिली आहेस.

दीपगृहाला लोक नाक्यावरून उजवीकडे वळून सरळ जातात. आपण तसं जायचं नाही. तो रस्ता आता बिघडलाय. आपण गिरणीच्या बाजूने, रेल्वेच्या पुलाखालून जायचं. थोडं लांब पडेल, पण सावली आहे. धरणाला जाताना पेट्रोल पंपाच्या पुढच्या फाट्यावर न वळता तसंच पुढे जाऊन गावाला वळसा घालायचा. तिथे चहा चांगला मिळतो.

उकडलेली अंडी, पाव आणि संत्री बरोबर घ्यायची. चिंगीला गाडी लागते का ते कळव. लागत असेल तर पुढे माझ्या शेजारी बसव. शिकवणीची शाळा बंद केली तरी गाडी तीच आहे, मास्तरच्या बाजूचा दुसरा ब्रेक अजून तसाच आहे. त्यावर पाय ठेवायचा नाही, एवढं तिला शिकवून आण.

तुझी ताई यायला नाही म्हणते. पडद्यांच्या ऑर्डरी आहेत असं सांगते. खरं म्हणजे भित्री आहे. पंचेचाळीस वर्षं शिकवलं, पण घरातलंच एक गिऱ्हाईक मला जमलं नाही.

सर्वांना आशीर्वाद. लोभ वाढवायला जागा उरली असेल तर वाढव.

अप्पा

९ एप्रिल

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. अप्पांचं पत्र तुला मिळालं असेल. हे पत्र मी कारखान्यातून, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. उत्तरही कारखान्याच्या पत्त्यावरच पाठव, घरी नको. फोनही करू नकोस. फोन अप्पांच्या खुर्चीला टेकून आहे आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत.

तुम्ही या. जरूर या. पण सहली नकोत. इथल्या बागेत जाऊ, नदीवर जाऊ, मी रजा काढते. फार तर बसने धरणापर्यंत जाऊन येऊ. पण अप्पांना गाडी काढायला लावू नकोस. का ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. मी शब्द दिलाय.

तुला वाटेल, ताईचं नेहमीचंच. तसं वाटू दे. फक्त त्यांना लिही की पोरांना गाडी लागते, दोघांनाही, फार लागते. एवढं खोटं माझ्यासाठी लिही.

घाईत आहे. समोर एका दवाखान्याचे चौसष्ट पडदे पडलेत आणि मशीनवाल्या बाई माझ्याकडे बघतायत.

तुझी
ताई

१४ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून आधी मी चिडले, ते लपवत नाही. मनात आलं, ही बाई स्वतः गाडीत बसत नाही आणि आता दुसऱ्यांनाही बसू देत नाही. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही ते त्यामुळेच.

मग काल थोरल्याने अप्पांचे नकाशे जमिनीवर पसरले. मी घरातला छापील नकाशा शेजारी ठेवला आणि त्याला म्हटलं, आजोबांचा रस्ता यावर रंगव. तो प्रत्येक वळण मोठ्याने म्हणत रंगवत होता. डावीकडे, डावीकडे, सरळ, डावीकडे. दीपगृह झालं, धरण झालं, तलाव झाला. मग त्याने मान वर करून विचारलं की आजोबांच्या गाडीला उजवीकडे वळता येत नाही का.

मी हसले. मग मी स्वतः बोट ठेवून बघितलं. ताई, चार सहलींत, जाताना आणि येताना, एकही वळण उजवीकडे नाही. दीपगृह साठ किलोमीटरवर आहे आणि अप्पांचा रस्ता चौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे. सावलीसाठी कुणी चौतीस किलोमीटर जास्त जात नाही. आपल्याला शिकवणीच्या मैदानावर आठ आठ तास उन्हात उभं करणारे अप्पा तर नाहीतच.

तू शब्द दिलायस, तो मोडू नकोस. मीच विचारते. त्यांना उजवीकडचं दिसत नाही, हो ना? हो असेल तर उत्तरात फक्त कात्रीचा आकार कळव. नसेल तर मला भरपूर शिव्या दे, मी आनंदाने खाईन.

तुझीच, आणि आता चिडलेली नसलेली,
बारकी

१८ एप्रिल

चि. बारकीस,

आशीर्वाद. कात्री आठ इंची आण.

आणि आता तू ओळखलंच आहेस, तर मला लिहू दे. आठ महिने कुणाला सांगितलेलं नाही. तुझं पत्र वाचून मी कापडाच्या गठ्ठ्यांमागे जाऊन उभी राहिले, बराच वेळ.

उजव्या डोळ्याची नस सुकलीय. चष्म्याने किंवा ऑपरेशनने परत येणारी नाही. डाव्यालाही कडेकडेने कमी दिसायला लागलंय. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं की गाडी बंद. बाहेर आल्यावर जिन्यातच अप्पांनी मला बजावलं, की बारकीला तुझ्या तोंडून कळलं तर या घरातलं अन्न मी तोंडात घालणार नाही. आणि मग आम्ही गाडीत बसून घरी आलो. ते चालवत होते.

तेव्हापासून ते एकटे बाहेर जाऊ नयेत म्हणून मी त्यांच्याबरोबर जाते. मास्तरच्या जागी बसते आणि पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर धरून ठेवते. टेकवायचा नाही, नुसता वर धरायचा. टेकला की त्यांना कळतं. घरी आल्यावर पोटरीत गोळा येतो. बाजार आपल्या घरापासून उजवीकडे आहे. आम्ही तीनदा डावीकडे वळून अख्ख्या वस्तीला प्रदक्षिणा घालून तिथे पोचतो. अप्पा सांगतात, इकडून गर्दी कमी असते. मी हो म्हणते. गेल्या महिन्यात एकदाच ब्रेक दाबला. उजवीकडून हातगाडी येत होती. त्यानंतर दोन दिवस त्यांनी मला मोठी म्हणून हाक मारली नाही. अहो बाई म्हणत होते.

मी किल्लीही लपवून बघितली. हॉलच्या पडद्याच्या खालच्या पट्टीत शिवून टाकली, पडदा सरळ पडावा म्हणून घालतात त्या वजनाच्या ठोकळ्यांबरोबर. दोन दिवसांत त्यांनी शोधली. म्हणाले, हा एकच कोपरा इतर तिघांपेक्षा शहाणा कसा पडतो ते बघत होतो. मला हसूही आलं आणि रडूही.

तुला पत्रातले अप्पा मिळतात, मला रोजचे. तक्रार नाही करत, पण हे एकदा लिहायचं होतं. आता तुझं पत्र आल्यापासून ते रोज टायरमधली हवा बघतात. घाटाच्या रस्त्याला उजव्या बाजूला दरी आहे, बारकी. आणि मागच्या सीटवर तुझी दोन पोरं असतील. मी रोज तेच बघते.

काय करायचं ते तू सांग. मी धाकटी झाले आता.

तुझी
ताई

२२ एप्रिल

ती. अप्पांस,

शि. सा. न. सगळं खुशाल. हे पत्र तुम्हाला आवडणार नाही, म्हणून चिंगीने काढलेलं चित्र आधी बघा. ती मोटार आहे. कुत्रा नाही.

अप्पा, तुमचे नकाशे मी रंगवले. सगळी वळणं डावीकडे आहेत. मला कुणी काही सांगितलेलं नाही, ताईने तर नाहीच. तुमच्याच नकाशांनी सांगितलं. तुम्ही मला नकाशा वाचायला इतकं चांगलं शिकवायला नको होतं.

तुम्ही गाडी चालवणार असाल तर मी पोरांना तिच्यात बसवणार नाही. हे एक वाक्य लिहायला मला तीन कागद लागले. तुमच्याकडून मी गाडी शिकले. पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर आले तेव्हा तुम्ही शेजारी होतात म्हणून मला भीती वाटली नाही. त्या माणसाला हे लिहिताना मला काय होतंय ते तुम्हीच समजून घ्या. पण तुम्हीच सांगायचात, की शंका आली की थांबायचं. शंका फिटेपर्यंत नाही, तर थांबायचंच. मला शंका आहे.

तुमच्याशिवाय सहली नकोत. तुमच्या हातात चाक नसलेल्या सहली चालतील. उत्तर लिहा. रागाचं असलं तरी लिहा, पण गप्प बसू नका; तुमचं गप्प बसणं टपालाने नीट पोचत नाही.

तुमची
बारकी

२७ एप्रिल, रविवार, सकाळी सव्वासात

चि. बारकीस,

आशीर्वाद. आज घरूनच लिहितेय, कारण घरात कुणी नाही. अप्पा गाडी घेऊन गेलेत.

तुझं पत्र परवा आलं. त्यांनी ते खिडकीपाशी उभं राहून वाचलं, मग घडी करून खिशात ठेवलं. आज सहाला मी दूध तापवत होते तर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी तशीच चिमटा हातात घेऊन फाटकापर्यंत धावले. काच खाली करून म्हणाले, दीपगृहाला जाऊन येतो, सरळ रस्त्याने, बारकीला उत्तर पाठवायचंय. मी दार उघडायला गेले तर आतून लावलेलं होतं. आणि ते आपल्या फाटकातून बाहेर पडून उजवीकडे वळले, बारकी. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

साडेआठ. साठ किलोमीटर, म्हणजे एव्हाना पोचायला हवेत. शिवण घेऊन बसले, पण सुई बोटात गेली म्हणून ठेवून दिली.

साडेनऊ. दीपगृहाच्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर फोन केला. तिथला माणूस म्हणतो, मास्तरांची गाडी गेलेली बघितली, परत आलेली नाही बघितली. पोलिसांना फोन करायचा तर काय सांगू? माझे वडील गाडी चालवतायत, हे सांगू? मला माहीत होतं आणि मी आठ महिने शेजारी बसून राहिले, हे सांगू?

पावणेअकरा. रस्त्यावर कुठलीही गाडी थांबली की मी उठते. शेजारीण विचारून गेली, पाहुणे येणार आहेत का.

दुपारी दीड. आले. गाडी एक अनोळखी माणूस चालवत होता आणि अप्पा त्याच्या डावीकडे, मास्तरच्या जागी बसले होते. उजवीकडचा आरसा तुटून लोंबतोय. त्यांच्या विजारीचे दोन्ही गुडघे मळलेत आणि हात तेलाने काळे झालेत. अंगावर जखम नाही, मी नीट बघितलं. तो माणूस त्यांचा जुना शिकाऊ निघाला, आता ट्रक चालवतो. चहालाही थांबला नाही. जाताना मला एवढंच म्हणाला, की मास्तरांनी आपणहून किल्ली दिली.

अप्पा आत जाऊन झोपलेत. मी काही विचारलेलं नाही. पत्र आत्ता टाकून येते.

ताई

२ मे

चि. बारकीस,

आशीर्वाद. ताईने तुला कळवलंच असेल. ती कारखान्यातून पत्रं लिहिते हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. तिच्या बोटांना निळी शाई असते आणि पडदे शाईने शिवत नाहीत.

काय झालं ते तिला सांगितलं आहे, आता तुला सांगतो. पहिली दोन वळणं नीट झाली. मला वाटलं, उगाच घाबरलो होतो. पंपापुढच्या तिसऱ्या वळणावर मी थांबलो. मान पूर्ण फिरवून उजवीकडे तीनदा बघितलं. रस्ता मोकळा होता. मी वळलो आणि आवाज झाला.

एक मुलगी सायकलसकट रस्त्यावर बसलेली होती. असेल पंधरा-सोळा वर्षांची. माझा आरसा तिच्या सायकलीच्या मुठीला लागला होता. तिनेच ब्रेक दाबून सायकल आडवी घातली, म्हणून ती वाचली. मी वाचवली नाही. तिला खरचटलंही नव्हतं, सायकलीची साखळी तेवढी निघाली होती. ती मी रस्त्यावर बसून चढवली. वेळ लागला. ती बिचारी मलाच धीर देत होती, की आजोबा, राहू द्या, मी चढवते.

मग तिने मला विचारलं, की तुम्ही मला बघितलं होतंत ना. आणि मी हो म्हणालो.

बारकी, पंचेचाळीस वर्षांत मी चुका करणाऱ्यांना माफ केलं. वेगात वळणारे, आरसा न बघणारे, सगळ्यांना परत शिकवलं. पण न बघता बघितलं म्हणणाऱ्याला मी त्याच क्षणी गाडीतून खाली उतरवायचो. त्या मुलीला मी खोटं सांगितलं आणि ती विश्वासाने निघून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. मग गाडी कडेला ढकलली. रविवार म्हणून ट्रक कमी, दुपारपर्यंत मागून येईल तो थांबवत गेलो, तिसऱ्या ट्रकवाल्याने मास्तर म्हणून हाक मारली. त्याच्या हातात किल्ली दिली. त्याने ट्रक सोबत्याकडे सोपवला आणि मला घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी ताईबरोबर पंपापर्यंत बसने गेलो. चौकशी करत त्या मुलीचं घर शोधलं आणि खरं काय ते तिला आणि तिच्या आईला सांगितलं. आईने मला बोल लावले. बरोबरच लावले. मुलगी आत जाऊन पाणी घेऊन आली.

गाडीचं काय करायचं ते मी ताईवर सोपवलं. म्हटलं, तू शीक, मी शेजारी बसतो. ती नाही म्हणाली. भीतीमुळे नव्हे, राग आहे म्हणून, असं तोंडावर म्हणाली. आठ महिन्यांचा राग आहे, तो काही आठवड्यात जायचा नाही. मी तिला भित्री म्हणायचो. ती घाबरत होती म्हणून मी आजवर कुणाला मारलं नाही, हे मला आता कळतंय. तिला तसं अजून म्हणता आलेलं नाही. जमेल तेव्हा म्हणेन.

सहली होतील. नवे कागद सोबत आहेत. धरण आणि तलाव बसने, वेळा मी स्वतः बसस्थानकावर जाऊन उतरवून आणल्यात. दीपगृहाला तो ट्रकवाला त्याच्या सुट्टीच्या दिवशी आपली गाडी चालवेल, तो धरून सहा जण झालो तरी मावू. ताई येते म्हणाली. गुहा राहू देत. ज्या रस्त्याची खात्री नाही तो आखायचा नाही.

थोरल्याला तू काही सांगू नकोस. वर्गात काय सांगून बसलाय ते मला माहीत आहे. पहिल्या दिवशी बसमध्ये बसलो की मीच त्याला सांगेन, सगळं, त्या मुलीचंही.

आणि चिंगीला माझ्या उजव्या हाताला बसव. तिला म्हणावं, खिडकीबाहेर जे जे येईल ते आजोबांना सांगत राहायचं. बडबडी आहे असं तू लिहितेस ते खरं असू दे.

वाट बघतो आहे.

अप्पा